वैमानिकांच्या वाटेवरील गाळलेली पायरी

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी आपल्या देशात २०० तासांचे उड्डाण पुरेसे असते. हे तास बहुतांशी एका पिस्टन इंजिनाच्या लहान विमानात भरतात. दोन इंजिनांच्या विमानाशी विद्यार्थ्याचा परिचय होतो तो अखेरच्या टप्प्यात, मोजक्या तासांपुरता. टर्बाइन इंजिनाशी बहुधा होतच नाही. पुढे नोकरीच्या जाहिरातीत मात्र नेमका या दोहोंचाच अनुभव मागितला जातो. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, अशा कोंडीत देशातील अनेक तरुण परवानाधारक सापडले आहेत.

मोठ्या विमान कंपन्या २०० तासांचे उमेदवार घेऊन त्यांना थेट एअरबसवर तयार करतात, हे खरे. पण त्या प्रशिक्षणाचा लाखोंचा भार बहुधा उमेदवारावरच पडतो. शेती गहाण ठेवून गोंदियाच्या बिरसी येथील संस्थेत मुलाला वा मुलीला शिकवणाऱ्या कुटुंबाला हा दुसरा खर्च कसा पेलावा? अशांसाठी भाड्याची विमाने, हवाई रुग्णवाहिका, सर्वेक्षण आणि मालवाहतूक हीच वाट उरते. तेथे विमा कंपनी आणि ग्राहक दोघेही आधी तास मोजतात.

ही अट अवाजवी नाही. दोन इंजिनांपैकी एक उड्डाणाच्या क्षणी बंद पडले, तर विमान बंद इंजिनाच्या दिशेने वळू पाहते. कोणते इंजिन गेले हे ओळखून योग्य कृती करण्यास काही सेकंदच मिळतात. टर्बाइन सुरू करताना तापमानावरील नजर क्षणभर ढळली, तरी इंजिनाची मोठी हानी होऊ शकते. या गोष्टी पुस्तकातून हातात उतरत नाहीत. प्रश्न आहे तो हा अनुभव मिळण्याची जागा कोठे आहे, हा.

एके काळी ती जागा आपल्याच परिसरात होती. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. रायपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होते. दोन इंजिनांची डाकोटा विमाने, रात्रीचा अंधार, पावसाळी ढग आणि शेजारी अनुभवी कप्तान, याहून चांगली शाळा सहवैमानिकाला कोठे मिळाली असती? सेवा टपालासाठी होती. वैमानिक घडणे हा तिचा न मागता मिळालेला लाभ होता. १९७० च्या दशकात ती बंद झाली आणि तिच्या तोडीची दुसरी पायरी आपण बांधली नाही.

छत्तीसगडला ती संधी अलीकडे पुन्हा चालून आली. रायपूर ते जगदलपूर हे सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर केशकालचा घाट ओलांडून कापावे लागते. १४ जून २०१८ रोजी या मार्गावर लहान टर्बोप्रॉप विमानाची सेवा सुरू झाली, पण ती फार टिकली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मोठे एटीआर विमान आले. पुढे अंबिकापूरच्या विमानतळावरूनही १९ आसनी विमान उडाले. या मार्गांची चर्चा आपण केवळ तिकिटांच्या आणि अनुदानाच्या भाषेत केली. त्या विमानांच्या उजव्या आसनावर कोण बसून शिकू शकेल, हा विचार कोणाच्या टिपणीत आला नाही. २०२१ मध्ये जळगाव, बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी येथे नव्या प्रशिक्षण संस्थांना जागा देण्यात आल्या. त्यामुळे पहिल्या पायरीवरील गर्दी वाढेल; दुसरी पायरी जशी नाही तशीच राहील.

पायरी नसली की चोरवाटा निघतात. २०११ मध्ये बनावट कागदपत्रांवर मिळवलेले परवाने उघडकीस आले आणि काही ठिकाणच्या उड्डाणतासांच्या नोंदीही संशयाच्या भोवऱ्यात सापडल्या. पैसे मोजून उजव्या आसनावर बसण्याचा मार्गही असाच निसरडा आहे. जे विमान एकट्याने चालवण्यास मान्यता आहे, तेथे नियमाने दुसरा वैमानिक आवश्यक नसेल, तर त्या तासांना नोंदवहीत मोल राहत नाही.

केवळ आकडा वाढवूनही भागत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळच्या अपघातात ५० जणांचा बळी गेला. त्यानंतर तेथे सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांची अट आली. पण त्या विमानातील दोन्ही वैमानिकांचे तास याहून अधिकच होते. तास कोणाच्या देखरेखीखाली आणि कशा परिस्थितीत भरले, हे अधिक महत्त्वाचे.

म्हणून राज्य सरकारांनी तीन गोष्टी कराव्यात. लहान विमानांच्या मार्गांना अनुदान देताना नवोदितांसाठी काही सहवैमानिकपदे राखण्याची अट घालावी. शासकीय विमानासाठी दरवर्षी दोन-तीन गुणवंतांचे प्रशिक्षण स्वखर्चाने करावे आणि विशेष व्यक्ती विमानात नसताना होणाऱ्या उड्डाणांत, नियमांच्या चौकटीत, त्यांना सामावून घ्यावे. आणि प्रत्येक तास विमानाच्या व विमानतळाच्या नोंदींशी ताडून पाहावा. तरुणांनीही तास विकत घेण्यापूर्वी प्रशिक्षक होण्याचा विचार करावा. तेथे तास भरतात, वेतन मिळते आणि दुसऱ्याच्या चुका सुधारताना स्वतःचा हातही पक्का होतो.

विमानतळाची इमारत वर्षा-दोन वर्षांत उभी राहते. तिच्या धावपट्टीवर भर पावसात विमान सुखरूप उतरवणारा कप्तान घडायला कितीतरी अधिक काळ लागतो. त्याची तरतूद मात्र अजून कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.