देवराईतील कार्बनचा धनी कोण?

सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनातून कोकणच्या महसुली कारभारावर देखरेख होते. या विभागात शेकडो देवराया आहेत. सातबाऱ्यावर त्यांच्या जमिनीचे क्षेत्र सापडते. तिच्यातील वृद्ध वृक्षांनी साठवलेल्या कार्बनला मात्र रकाना नाही. ज्याची नोंद नाही त्याची लूट सोपी असते.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. एक टन कार्बन जळाला वा कुजला की सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जाड बुंध्यांत आणि कधीही न खणलेल्या मातीत हा साठा पिढ्यान्‌पिढ्या जमतो. तोडलेल्या राईच्या बदल्यात रोपे लावली की भरपाई झाली, हा नोकरशाहीचा हिशेब म्हणूनच खोटा आहे.

माधव गाडगीळ व व्ही. डी. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांचे मोल अभ्यासाने सिद्ध केले. हे वन सरकारने नव्हे, गावाच्या कुऱ्हाडबंदीने राखले. अर्थात भाबडेपणा नको. काही राया स्त्रियांना व दलितांना बंद होत्या. अनेक ठिकाणी मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी राईच तोडली गेली. राखण हवी ती देवाच्या धाकाने नव्हे, समतेच्या पायावर.

२०२३ मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. पण अशा बाजारात दाम मिळतो तो नव्याने भर पडलेल्या साठ्याला; जुना साठा राखणाऱ्याला छदामही नाही. धुराचा परवाना कारखानदाराला आणि राखणदारी फुकट गावाला, असा हा न्याय आहे.

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील देवबनांची पाहणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि केंद्राला देशव्यापी धोरणाची शिफारस केली. मात्र ती नोंद वनखात्याच्या मालकीची ठरली, तर राखणदारच परका होईल. २००६ च्या वनहक्क कायद्यातील सामूहिक हक्काने देवराई ग्रामसभेच्या हाती द्यावी, आणि त्या ग्रामसभेत स्त्रिया, दलित व आदिवासी यांचा शब्द बरोबरीचा असावा.

बेलापूरच्या मातीला हा धडा नवा नाही. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९८४ मध्ये जासई परिसरात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के भूखंडांचा हक्क पदरी पडला. देवरायांचा प्रश्न तुटल्यावर नव्हे, उभ्या असतानाच गावोगावच्या ग्रामसभांनी कोकण भवनाच्या दारी नेला पाहिजे.