पंप... धर... सोड!

भिवपुरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? धबधबा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल आणि परतीच्या कर्जत लोकलमध्ये ओल्या जीन्समधली पब्लिक. माझ्या डोळ्यांसमोर मामाची गाडी येते. प्रीमियर पद्मिनी, पांढरी, ८६ची.

रिटायर झाल्यावर मामाने स्टेशनपासून थोडं आत घर बांधलं आणि मुंबईतून सगळ्यात आधी गाडी हलवली. सामान नंतर. गेल्या पावसाळ्यात मामा-मामी कर्जतहून परत येत होते. पुढची एसटी अचानक थांबली, मामाने ब्रेक मारला आणि गाडी कच्चकन डावीकडे ओढली गेली. शेताच्या बांधाला टेकली म्हणून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून मामी गाडीत बसलेली नाही. बाजाराला ती लोकलने जाते, मामा गाडीने जातो आणि दोघं कर्जतला भाजीवालीपाशी भेटतात!

एका मेकॅनिकने दोनदा ब्रेक 'टाइट' करून दिले. फरक शून्य. मग मामाचा मला फोन. "तू इंजिनिअर ना रे?"

आता सॉफ्टवेअरवाल्याने यावर काय बोलावं? मी शेवटचा पाना हातात धरला तो फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये. तरी शनिवारी सकाळी पोचलो.

गाडी जॅकवर उचलली की खाली घोड्या लावायच्याच, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, ही मामाची पहिली सूचना. दुसरी, एका वेळी एकच चाक उघडायचं. दुसऱ्या बाजूचं बघून जोडता येतं. (मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल, पण मामाचा त्यावर विश्वास नाही.)

उजव्या चाकाचा ड्रम निघाला आणि चोर सापडला. व्हील सिलिंडर गळत होता, ब्रेक शूचे लायनर ऑइलने चिंब. म्हणजे ब्रेक मारला की डावं चाक पकडणार आणि उजवं घसरणार. गाडी डावीकडे जाणार नाही तर काय होणार? ड्रमच्या आतली काळी पूड मी सवयीने फुंकणार, तेवढ्यात मामाने खांदा धरला. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती पूड फुप्फुसात नको. ओल्या फडक्याने पुसून घेतली.

पार्ट मी आधीच आणले होते, कुर्ल्याहून. गंमत बघा, या गाड्या कुर्ल्याच्याच कारखान्यात बनायच्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली आणि शतक संपता संपता बनायची बंद झाली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला रजिस्टर झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी नाही. इतकी वर्षं पार्टची दुकानं चालली ती टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. आता रबर किट मागितलं की दुकानदार आधी तुमचं तोंड बघतो, मग माळ्यावर चढतो.

शू दोन्ही बाजूंचे बदलले. एकाच बाजूचे बदलले तर पुन्हा तीच ओढाताण. सिलिंडरच्या रबराला ग्रीस लावायचं नाही, फुगतं. ब्रेक ऑइलचाच हात फिरवायचा. इथपर्यंत सगळं छान. मग स्प्रिंग! पकडीने ओढून भोकात अडकवायची, एवढंच. तीन वेळा सुटली, एकदा थेट जास्वंदीत गेली. मामी ओट्यावरून शांतपणे म्हणाली, "उजव्या कुंडीमागे पडली बघ."

दुपारी स्टेअरिंग. पद्मिनीच्या स्टेअरिंगला एवढा प्ले होता, की चाक वळायच्या आधी मामाच्या मनाची तयारी व्हायची. टाय रॉडची चारही टोकं बदलायची होती. जुनं टोक काढताना किती आटे फिरले ते मोजून कागदावर लिहायचं, नवं तेवढेच आटे बसवायचं, म्हणजे निदान अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी सरळ जाते. प्रत्येक नटाला तटबंदीसारख्या खाचा. त्यातून पिन घालून टोकं दुमडायची. नट ढिला झाला तरी पिन त्याला पडू देत नाही. चार टोकं, चार पिना, मोजून आणलेल्या.

आता पाइपातली एअर काढायची. याला एक माणूस पेडलवर, एक चाकाशी आणि डब्यात ऑइल ओतायला तिसरा. मामाने मामीकडे बघितलंच नाही. मीही नाही. थोड्या वेळाने मामीच उठली. "उभ्या गाडीत बसायला काय जातंय," म्हणाली आणि पदर खोचून ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

"पंप... पंप... धर!" मी निपल उघडायचो, नळीतून बाटलीत बुडबुडे यायचे. निपल बंद. "सोड!" हे विसाव्यांदा झालं तेव्हा बुडबुडे थांबले. मामी म्हणाली, "अहो, आता पेडल कडक लागतंय. मघाशी पाय खालपर्यंत जात होता."

चाकं चढवली, हात धुतले, चहा झाला. आणि मामाने हत्यारांच्या ताटलीत बोट फिरवलं. "ही कसली?"

एक पिन. नवी कोरी.

पोटात गोळा आला, शपथ. कोडमध्ये चूक झाली तर सोमवारी शिव्या बसतात. ही चूक घाटात कळली असती. कुणी काही बोललं नाही. परत जॅक, परत घोड्या, टॉर्च. डावीकडचं आतलं टोक, नट कसलेला, पिन नाही. मी घातली. मग मामीने टॉर्च मागितला आणि वाकून चारही पिना स्वतः मोजल्या.

संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर मामाने वीसच्या स्पीडला ब्रेक मारला, स्टेअरिंगवर बोटं नुसती टेकवून. गाडी सरळ थांबली. पुन्हा, तिसाच्या स्पीडला. सरळ. खाली उतरून त्याने दोन्ही पुढच्या चाकांना हात लावला. दोन्ही सारखीच कोमट.

घरी आल्यावर मामाला एकदम चेव चढला. रविवारी थेट दस्तुरी नाका! नेरळ-माथेरानचा तो घाट तुम्हाला माहीत आहे. उतरताना सारखा ब्रेक दाबला तर ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात. गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवावी लागते.

"आधी अलाइनमेंट करून घ्या," मामी म्हणाली. मग चपला शोधायला आत गेली. "आत्ता स्टेशनपर्यंत याला सोडायला येते. मागे बसेन."