घरपट्टी भावाच्या नावावर, वारस कुवेतला. गावठाणातलं घर कोणाचं?

मंडणगड, दापोली, खेड, म्हसळा, श्रीवर्धन. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली माणसं आखातात आहेत. घर गावात, वारस कुवेत-दुबईत. इतकी वर्षं ते खपून गेलं, कारण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो आणि बऱ्याच लहान गावांत मोजणीच झालेली नव्हती. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे लोकांच्या भाषेत घराचा असेसमेंट, एवढाच कागद. तो गावातल्या भावाच्या नावावर असला तरी कोणी काही विचारत नव्हतं.

आता विचारावं लागेल. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजलं जातं, मग भूमी अभिलेख खात्याची चौकशी होते आणि शेवटी मिळकत पत्रिका मिळते. ड्रोनला कौलं दिसतात, वारस दिसत नाहीत. ते चौकशीत सांगावे लागतात, आणि चौकशी होते गावात. जो हजर त्याचंच नाव लागण्याचा धोका असतो. यात दरवेळी लबाडीच असते असं नाही. थोरला भाऊ 'आपलंच तर घर आहे' म्हणून सही करून मोकळा होतो. भांडण लागतं ते पुढे, चुलत भावंडांत.

असेसमेंटवर नाव म्हणजे मालकी, हा समजच चुकीचा आहे. ती नोंद कर वसुलीची. नुसत्या महसुली नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. म्हणजेच नाव नाही म्हणून परदेशातल्या भावाचा किंवा सासरी गेलेल्या बहिणीचा हक्क बुडत नाही. पण तो दिवाणी कोर्टात सिद्ध करायला वर्षं जातात. चौकशीतच लेखी हरकत दिलेली बरी.

त्यासाठी सुट्टीची वाट बघायची गरज नाही. तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र गावी पाठवता येतं. मात्र ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, आणि इथेच पुष्कळांचं चुकतं. देणारा वारला की ते पत्रही संपतं. घरातलं कोणी आखातातच वारलं असेल तर दूतावासातल्या मृत्यू नोंदणीचा दाखला जपून ठेवावा. वारस नोंदीला तो लागतो. जुन्या कागदावर आजोबांचं एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं, असंही सर्रास असतं. शाळेचा दाखला, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं तेव्हा कामाला येतात. त्या बहुधा गावातल्याच ट्रंकेत पडलेल्या असतात.