चोवीस सेकंदांचे घड्याळ आणि गावाचा संघ

धान घरात आले की झाडीपट्टीला उसंत मिळते. मूल, सावली, सिंदेवाही या भागात मग मंडई भरते, रात्र-रात्र नाटके रंगतात आणि गावोगावच्या पटांगणांवर दिव्यांच्या माळांखाली कबड्डीचे सामने सुरू होतात. चौकाचौकांत पत्रके लागतात. पहिले बक्षीस इतके, दुसरे इतके, प्रवेश फी अमुक. संघ येतात, दोन रात्री खेळतात, बक्षीस घेऊन निघून जातात. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी पुन्हा तेच. होळी येते, हंगाम सरतो, आणि तालुक्यात यंदा सर्वांत चांगला संघ कोणता ठरला, असे कोणी विचारले तर उत्तर मिळत नाही. वाद तेवढा मिळतो.

सामने भरपूर, पण हंगामाला शेवट नाही, ही आपल्या खेळांची जुनी उणीव आहे. शेवट नसला की आठवण राहत नाही, आणि आठवण राहिली नाही की पुढच्या वर्षीची ओढही राहत नाही. हा शेवट कसा घडवावा, तो घडवताना काय मिळते आणि काय हातचे जाते, हे समजून घ्यायचे असेल तर एका दूरच्या खेळाची सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट पाहण्यासारखी आहे. खेळ बास्केटबॉल, देश अमेरिका आणि वर्ष 1955. अंतिम फेरीत आमनेसामने आलेले दोन्ही संघ न्यूयॉर्कचे नव्हते, शिकागोचे नव्हते. एक होता सिरॅक्यूज या सव्वादोन लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या गावाचा आणि दुसरा त्याहूनही लहान फोर्ट वेनचा.

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर 1891 मध्ये स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत झाला. हिवाळ्यात पोरांना घरात कोंडून ठेवण्यापेक्षा काही खेळवावे म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीच फळांच्या टोपल्या भिंतीला टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकायला लावला. धंदा म्हणून हा खेळ नीट उभा राहिला तो 1946 मध्ये. आइस हॉकीची मोठमोठी क्रीडागृहे ज्यांच्या ताब्यात होती, त्या मालकांना रिकाम्या जाणाऱ्या रात्री भरून काढायच्या होत्या. त्यांनी संघ जमवले, साखळी सामने ठेवले आणि साखळी संपल्यावर वरच्या संघांची बाद फेरी ठेवली. तिलाच प्लेऑफ म्हणतात. 1947 साली फिलाडेल्फियाने पहिले अजिंक्यपद मिळवले. 1949 मध्ये एक प्रतिस्पर्धी संघटना यात विलीन झाली आणि शेबॉयगन, वॉटरलू, अँडरसन अशी लहान गावेही धरून 17 संघ झाले. सहाव्या वर्षी मोजले तर उरले होते फक्त आठ.

संघ बुडत होते, कारण खेळ कंटाळवाणा झाला होता. ज्याच्या हाती आघाडी त्याच्या हाती चेंडू, असा प्रकार होता. आघाडी मिळाली की खेळाडू चेंडू आपसात फिरवत बसत आणि घड्याळाचा काटा पुढे सरकण्याची वाट पाहत. समोरच्यांना चेंडू मिळवायचा तर धसमुसळेपणा करून फाउल करण्यावाचून गत्यंतर नसे. 22 नोव्हेंबर 1950 रोजी फोर्ट वेनने मिनिआपोलिसला हरवले ते 19 विरुद्ध 18 असे. शेवटच्या पावावर दोन्ही संघांनी मिळून केलेले गुण होते चार! प्लेऑफमध्ये, जिथे हरले की घरी जायचे, तिथे हा रोग आणखी बळावे. मार्च 1953 मध्ये बोस्टन आणि सिरॅक्यूज यांच्यातला सामना निकालासाठी चार वेळा वाढवावा लागला. बोस्टनच्या बॉब कूझीने त्यात 50 गुण केले, पण त्यांतले 30 फाउलबद्दल मिळालेल्या फ्री थ्रोचे होते. पैसे मोजून आलेल्या माणसाने काय पाहिले? शिट्टी, रांग आणि फेक.

हे ज्याच्या पहिल्यांदा डोक्यात गेले तो माणूस मोठा क्रीडातज्ज्ञ नव्हता. डॅनी बियासोन हा इटलीहून लहानपणी आलेला, सिरॅक्यूजमध्ये बोलिंगचा अड्डा चालवणारा आणि तिथल्या संघाचा मालक. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साधा हिशेब मांडला. चांगले, चुरशीचे सामने आठवले तर त्यांत दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा बास्केटकडे चेंडू फेकतात. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंदांचा. भागाकार केला, उत्तर आले 24. चेंडू हाती आल्यावर 24 सेकंदांत फेकलाच पाहिजे, नाहीतर तो समोरच्या संघाला द्यायचा. 1954 च्या ऑगस्टमध्ये सिरॅक्यूजच्या एका शाळेत हा प्रयोग इतर मालकांना करून दाखवला आणि त्याच हंगामापासून नियम लागू झाला. एका संघाचे सरासरी गुण 79 वरून थेट 93 वर गेले.

आपल्याकडच्या कबड्डीप्रेमींना हे वेगळे समजावून सांगायला नको. आघाडीवरचा चढाईपटू निदान रेषा ओलांडून नुसताच दम घोकत परत येतो आणि प्रेक्षक ओरडतात, हा वेळकाढूपणा आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. प्रो कबड्डीने चढाईला 30 सेकंदांची मर्यादा घातली आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवा, नाहीतर बाद व्हा, असा दंडक घातला. औषध तेच, फक्त वेगळ्या रोग्याला दिलेले.

आता त्या 1955 च्या अंतिम फेरीकडे येऊ. सात सामन्यांत जो आधी चार जिंकेल तो विजेता, अशी पद्धत. साखळीत दोन्ही संघांची कामगिरी तंतोतंत सारखी होती, 43 विजय आणि 29 पराभव. फोर्ट वेनचा मालक फ्रेड झोल्नर हा पिस्टनचा कारखानदार. म्हणून संघाचे नावच पिस्टन्स. त्याने प्रशिक्षक नेमला तो चार्ली एकमन, जो त्याआधी पंच होता! पहिले दोन सामने सिरॅक्यूजने घरच्या मैदानावर जिंकले. पुढचे तीन फोर्ट वेनमध्ये व्हायला हवे होते, पण तिथले क्रीडागृह एका बोलिंग स्पर्धेसाठी आधीच देऊन टाकलेले होते. मग सामने सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या इंडियानापोलिसला न्यावे लागले. मूलच्या संघाने तालुका गाजवावा आणि मैदान लग्नाला दिले आहे म्हणून अंतिम सामना नागपूरला व्हावा, तसेच हे. आयुष्यात एकदा आलेली संधी, आणि गावच्या माणसाला ती आपल्या दारात पाहता आली नाही. तरीही फोर्ट वेनने ते तिन्ही सामने जिंकले.

सहावा सामना जिंकून सिरॅक्यूजने बरोबरी साधली. 10 एप्रिल 1955 रोजी सातवा सामना झाला. फोर्ट वेनने एका वेळी 17 गुणांची आघाडी घेतली होती. वर्षभरापूर्वी असे झाले असते तर सामना तिथेच संपला असता; त्यांनी चेंडू कुशीत घेऊन उरलेला वेळ काढला असता. आता मात्र दर 24 सेकंदांनी त्यांना चेंडू सोडावा लागत होता. सिरॅक्यूज एकेक गुण करत जवळ आले. शेवटची 12 सेकंदे उरली असताना जॉर्ज किंगने एक फ्री थ्रो साधून गुणसंख्या 92 विरुद्ध 91 केली आणि मग त्यानेच समोरच्याच्या हातातला चेंडू हिसकावला. बियासोनने खेळासाठी शोधलेले घड्याळ त्याच्याच गावाच्या कामी आले. त्या विजयी संघात अर्ल लॉइड आणि जिम टकर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. या संघटनेच्या विजेत्या संघातले ते पहिले कृष्णवर्णीय. लॉइड तर 1950 मध्ये या स्पर्धेत मैदानावर उतरणारा पहिलाच कृष्णवर्णीय खेळाडू होता. वर्णभेदाने पोखरलेल्या देशात ही गोष्ट लहान नव्हती.

गोष्ट इथे संपली असती तर गोड झाली असती. पण पुढे काय झाले? खेळ वाचला, वाढला आणि वाढला म्हणूनच महाग झाला. मोठ्या शहरांत मोठी क्रीडागृहे होती, मोठा गल्ला होता. फोर्ट वेनचा संघ 1957 मध्ये डेट्रॉइटला गेला. त्याच वर्षी रॉचेस्टरचा सिनसिनाटीला आणि 1960 मध्ये मिनिआपोलिसचा लॉस एंजेलिसला. 1963 मध्ये सिरॅक्यूजचा संघही विकला गेला आणि फिलाडेल्फियाचा झाला. ज्या गावाने खेळाला जीवदान दिले, त्या गावात आज त्या घड्याळाचे स्मारक आहे, संघ नाही.

संघ गावाच्या नावाचा होता, गावाच्या मालकीचा नव्हता. गाव टाळ्या वाजवत होते, सातबारा मालकाच्या नावावर होता. याच अमेरिकेत ग्रीन बे नावाचे लाखभर वस्तीचे गाव आहे. तिथला फुटबॉल संघ 1923 पासून गावकऱ्यांच्याच भागभांडवलावर चालतो. आजूबाजूच्या लहान गावांचे संघ बुडाले किंवा गेले. हा शंभर वर्षे जागचा हललेला नाही.

आपल्या कबड्डीकडे या नजरेने पाहिले पाहिजे. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, खेळाडूंच्या घरी चार पैसे आले, हे चांगलेच झाले. 2015 मध्ये यू मुम्बा विजेता ठरला, 2024 मध्ये पुणेरी पलटण. परंतु 2025 चा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच ठिकाणी खेळवला गेला. मुंबई आणि पुण्याच्या नावाचे संघ होते, पण मुंबई-पुण्यात एकही सामना नव्हता. विदर्भाच्या नावाचा तर संघच नाही. आणि हा तोच विदर्भ, जिथल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक जगाला दाखवले होते. उद्या एखादा धनिक नागपूरच्या नावाने संघ काढीलही. त्याची वाट पाहत बसण्यात मात्र अर्थ नाही, कारण जो संघ आणला जातो तो नेलाही जातो.

आपल्या हाती आहे ते आपण करावे. दिवाळीनंतर तालुक्यात जितक्या गावी स्पर्धा होतात, त्यांच्या आयोजकांनी एकदा एकत्र बसावे. प्रत्येक स्पर्धेतल्या पहिल्या चार संघांना ठरावीक गुण द्यावेत, एका वहीत ते मांडत जावे आणि होळीच्या आधी पहिल्या आठ संघांची अखेरची फेरी घ्यावी. यंदा मूलला, पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी. तारीख आधी ठरवावी आणि त्या दिवशी मैदान कोणालाही देऊ नये. संघात निम्म्याहून अधिक खेळाडू त्याच गावचे असावेत. बक्षिसासाठी बाहेरून आणलेल्या भाडोत्री सातजणांना गावाचे नाव देऊ नये. तीस सेकंदांची चढाई आणि तिसऱ्या चढाईचा नियम सर्वत्र सारखा लावावा. त्याला घड्याळ धरून बसणारा एक शाळकरी मुलगा पुरतो. मुलींचे सामनेही याच फेरीत असावेत. आणि खेळ दुपारी सुरू करून दिवस मावळायच्या आत आटोपावा. वाघाचा वावर असलेल्या आपल्या रस्त्यांवरून पोरापोरींनी मध्यरात्री घरी परतावे, असे सामने कितीही रंगले तरी परवडणारे नाहीत.

यात मोठा खर्च नाही. लागते ती वही, घड्याळ आणि गावागावांतल्या आयोजकांनी एकमेकांचे ऐकण्याची तयारी. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, हे खरे. पण 1954 साली एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे मालकदेखील एका शाळेत जमले, एका बोलिंगवाल्याचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले आणि खेळ तरला. मूल तालुक्यातल्या गावांना तर एकमेकांचे काही पळवायचेही नाही. येत्या दिवाळीआधी कोणीतरी पहिली बैठक बोलवावी.