"सॉरी म्हण!" एवढ्याने माफी होते का?



मधल्या सुट्टीत दोन मुलांचं भांडण होतं. आपण दोघांना समोर उभं करतो. "चल, सॉरी म्हण. आता तू म्हण. मिळवा हात." दोघेही जमिनीकडे बघत सॉरी म्हणतात आणि दाराबाहेर पडल्या पडल्या पुन्हा एकमेकांना ढकलतात. आपल्या लेखी मात्र भांडण मिटलेलं असतं. मीसुद्धा कित्येक वर्षे हेच करत आले. डी.एड.ला असताना मूल्यशिक्षणाचे पाठ काढले, तक्ते रंगवले, पण माफी म्हणजे काय हे मला चौथीतल्या एका मुलाने शिकवलं. तो प्रसंग सांगते. सांगताना आजही थोडं अवघड वाटतं.

सहलीचे पैसे गोळा करणं चालू होतं. एका मुलीने दोनशेची नोट दिली. मी ती टेबलावर ठेवली आणि फळ्याकडे वळले. परत येऊन पाहते तर नोट नाही! मधल्या वेळात एक मुलगा वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवून गेला होता. या मुलाने मागे एकदा कुणाची तरी पेन्सिल उचलली होती. झालं, माझ्या मनात निकाल लागला. मी सगळ्या वर्गासमोर त्याचं दप्तर उपसलं. वह्या, डबा, तुटलेली पट्टी, एवढंच निघालं. तरीही मी विचारलं, "खरं सांग, कुठे ठेवलीस?" तो रडला नाही, बोललाही नाही. खाली बसून एकेक वस्तू दप्तरात भरत राहिला.

संध्याकाळी घरी वह्या तपासायला घेतल्या, तर नोट त्याच गठ्ठ्यात दोन वह्यांच्या मध्ये अडकलेली!

दुसऱ्याच दिवशी मी वर्गात सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्या मुलीला हळूच म्हटलं, "पैसे मिळाले गं." बस. मुलांसमोर "मी चुकले" म्हटलं तर वचक राहील का, अशी मनाची समजूत घातली. बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याचं (2009) कलम 17 आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास त्यात मनाई आहे. "मी कुठे मारलं त्याला?" असं म्हणून मी तेवढाच अर्धा भाग आठवत होते.

पण एक विचित्र गोष्ट घडू लागली. मला त्या मुलाचाच राग यायला लागला. त्याचं अक्षर खटकायचं, त्याचा उशीर खटकायचा. नीट विचार केला तेव्हा कळलं, तो समोर आला की माझी चूक समोर यायची, आणि ती बघायची नव्हती म्हणून मी त्याच्यावर चिडत होते. तुमचंही असं कधी झालंय का? ज्याच्यावर आपण अन्याय करतो, त्याच्यावरच आपण डाफरत असतो.

पाचव्या दिवशी परिपाठ झाल्यावर वर्गात सगळ्यांसमोर म्हटलं, "त्या दिवशीची नोट माझ्याच वह्यांच्या गठ्ठ्यात होती. मी नीट न शोधता याचं दप्तर उपसलं. चूक माझी होती. बाळा, मला माफ कर."

वर्ग चिडीचूप. तो उठला आणि म्हणाला, "मॅडम, मग माझ्या आईला पण सांगा."

मुलांनी त्याच दिवशी ही गोष्ट त्याच्या गल्लीत पोहोचवली होती. संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आई नुकतीच शेतातून मजुरी करून आली होती. सगळं ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मी त्याला लई मारलं ओ. तो म्हणत होता मी नाही घेतली, तरी मारलं." आणि पदर डोळ्यांना लावला. माझी चूक दोनशे रुपयांची नव्हती. ती किती लांब गेली होती, हे मला तेव्हा कळलं.

मित्रांनो, या प्रसंगाने माझी माफीविषयीची समजूत बदलली. तीच तुमच्यापुढे मांडते.

पहिली गोष्ट माफी मागण्याची. "काही चुकलं असेल तर सॉरी" ही माफी नव्हे. काय चुकलं ते नेमकं सांगायचं, त्याला "पण तू सुद्धा..." जोडायचं नाही, आणि नुकसान जिथपर्यंत पोहोचलं तिथपर्यंत भरपाई न्यायची. अपमान चारचौघांत केला असेल तर माफी स्टाफरूमच्या कोपऱ्यात मागून चालत नाही.

दुसरी गोष्ट माफ करण्याची. ते समोरच्याच्या हातात आहे आणि वेळही त्याचीच. तो मुलगा पुढे पंधरा दिवस माझ्या टेबलाजवळ आला नाही. मी आग्रह केला नाही. मग एके दिवशी वह्या घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, आधी टेबलावरचं उचलून ठेवा." मला हसूही आलं आणि लागलंही. त्याने मला माफ केलं होतं, पण तो विसरला नव्हता. विसरावं अशी अपेक्षा करणारी मी कोण?

मनात राग धरून ठेवण्याचं ओझं मात्र खरंच जड असतं. गावात बांधावरून दोन भावांचं बोलणं बंद होतं आणि वर्गात त्यांची मुलं एका बाकावर बसत नाहीत. त्या मुलांना बांध कुठे आहे हेही माहीत नसतं! लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने त्यांची समजूत काढली, अशी कथा आपण ताटीच्या अभंगांबरोबर सांगतो. मुलांना सांगताना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: मुक्ताबाईने दार तोडलं नाही, ती बाहेर उभी राहून विनवत राहिली. दार आतल्यालाच उघडायचं असतं.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट, स्वतःला माफ करणं. आपण एकतर चूक झटकून टाकतो, नाहीतर वर्षानुवर्षे उगाळत बसतो. गांधीजींच्या आत्मकथेतला प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. भावाचं कर्ज फेडण्यासाठी त्यांनी भावाच्याच सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला. मग वडिलांना चिठ्ठी लिहिली. गुन्हा कबूल केला, शिक्षा मागितली, पुन्हा चोरी न करण्याचं वचन दिलं. त्याच चिठ्ठीत त्यांनी एक विनंती केली होती: माझ्या गुन्ह्यासाठी तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. आजारी वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. कबुली, शिक्षेची तयारी आणि पुन्हा न करण्याचा निश्चय, एवढं झाल्यावर स्वतःला बोल लावत राहण्याने कुणाचंही भलं होत नाही. त्या माऊलीलाही मी हेच म्हटलं, "तुम्ही त्याला जवळ घ्या आणि आई चुकली म्हणून सांगा. मग मात्र स्वतःला कोसू नका." खरं तर हे मी मलाही सांगत होते.

मात्र एक सावधगिरी हवीच. मुलाचं शोषण झालं असेल, कुणी त्याला नको तसा स्पर्श केला असेल, तर "जाऊ दे, माफ कर, घरातलाच आहे" असं चुकूनही म्हणू नका. तिथे माफीचा विषयच येत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. माफीच्या नावाखाली मुलाचं तोंड बंद करणं हा दुसरा अन्याय ठरेल.

आता माझ्या वर्गात भांडण झालं की मी "सॉरी म्हण" म्हणत नाही. दोनच प्रश्न विचारते: "तुझ्यामुळे त्याचं काय बिघडलं?" आणि "ते नीट करायला तू काय करशील?" कधी उत्तर लगेच येतं, कधी दोन दिवस लागतात. कुणी फाटलेलं पान चिकटवून देतं, कुणी आपली पेन्सिल देतं. वेळ जातो खरा, पण तीच भांडणं पुन्हा पुन्हा माझ्याकडे येणं कमी झालंय.

पालकहो, आज रात्री जेवताना मुलाला आपली एखादी चूक सांगून बघा. त्याच्यावर विनाकारण ओरडला असाल, तर तेच सांगा. वचक कमी होईल ही भीती मलाही होती. झालं उलटंच. आता माझ्या वर्गातली मुलं चूक झाली की लपवण्याऐवजी स्वतःहून येऊन सांगतात, "मॅडम, माझ्याकडून झालं." याहून चांगली शिस्त मला तरी माहीत नाही.