नाव कोरले, प्रश्न पुसला

डिझाइनच्या व्यवसायात एक सोयीचा समज रूढ झाला आहे. काय बांधायचे ते पैसे देणाऱ्याने ठरवावे. कसे बांधायचे, एवढेच रचनाकाराने पाहावे. ह्या वाटणीला तटस्थता म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती जबाबदारीतून काढलेली पळवाट आहे.

पुण्याची मंडई पाहावी. १८८६ साली ती उघडली तेव्हा तिला मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. आज तिला महात्मा फुल्यांचे नाव आहे. पण नगरपालिकेचे सदस्य असताना ह्याच इमारतीवरील खर्चाला फुल्यांनी विरोध केला होता, ही गोष्ट तिच्या अष्टकोनी मनोऱ्याचे कौतुक करताना क्वचितच सांगितली जाते.

हा विरोध बांधकामातले काही न कळणाऱ्याचा नव्हता. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते. दगड, चुना आणि मजुरी यांचा हिशेब त्यांना पाठ होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि सरकारी शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात. पैसा कोणाचा आणि उपयोग कोणाला, हा प्रश्न इमारतीलाही तितकाच लागू पडतो. तो आराखड्यानंतर विचारायचा नसून आराखड्याची पहिली रेघ तिथूनच निघायला हवी.

यावर उत्तर ठरलेले आहे: इमारत टिकली, गाळे गजबजले, म्हणजे फुलेच चुकले. हा युक्तिवाद फसवा आहे. इमारत उपयोगी पडली यावरून एवढेच सिद्ध होते की ती उपयोगी पडली. त्याच पैशातून दुसरे काय उभे राहिले असते, याचा हिशेब त्यात येत नाही. न झालेल्या शाळेला मनोरा नसतो, म्हणून ती दिसत नाही.

वैद्याने रुग्ण मागेल ते औषध दिले तर आपण त्याला वैद्य म्हणत नाही. मग मागेल त्याला मागेल ते रेखून देणाऱ्याला रचनाकार का म्हणावे? नकार देण्याचा अधिकार आणि वेळप्रसंगी तो वापरण्याचे धैर्य ज्या व्यवसायात नाही, तो व्यवसाय नव्हे, निव्वळ चाकरी आहे. आक्षेप घेणाऱ्याचे नाव पुढे इमारतीला देणे सोपे असते. तो आक्षेप नकाशाच्या टेबलावर ऐकून घेणे, हे खरे डिझाइन.