मांड कोठे घालावा?

पौषातल्या रात्री पेडणे-डिचोलीकडच्या वाड्यांतून धालोची गाणी ऐकू येऊ लागतात. सारवलेल्या मांडावर समोरासमोर दोन रांगा करून बायका गात गात वाकतात, मागे सरतात. शेवटच्या रात्री सोंगे निघतात. आमच्या मावशींनी दिवसा दिरासमोर कधी मान वर केली नाही. पण त्या रात्री त्या डोकीला मुंडासे बांधून शिकाऱ्याचे सोंग घेत आणि साऱ्या वाडीला हसवीत. सकाळी पुन्हा चुलीपाशी. आम्हां मुलांना त्याची नुसती गंमत वाटे. त्या एका रात्रीच्या बळावर मावशी वर्ष काढीत असत, हे पुष्कळ उशिरा उमगले.

मांड म्हणजे वाटेल ते अंगण नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांची ती ठरलेली जागा. गावच उठले तर? महाराष्ट्र व गोवा सरकारांच्या १९९० सालच्या करारातून उभ्या राहिलेल्या तिळारी धरणाचे पाणी आज आपल्या पेडणे, डिचोली, बार्देश तालुक्यांत खेळते. त्यापायी दोडामार्गाकडील आयनोडे, सरगवे, शिरंगे यांसारख्या गावांतील कुटुंबांना उठावे लागले. भरपाईसाठी घरे, जमिनी, झाडे मोजली जातात. मांड कोण मोजणार?

या संदर्भात दूरदेशीची एक हकिकत सांगावीशी वाटते. सीरियात २०११ साली यादवी पेटली आणि लक्षावधी माणसे शेजारच्या देशांत गेली. जॉर्डनमधील अम्मान शहरी २०१३ साली अशा निर्वासित बायकांचा नाट्यवर्ग भरला. दिग्दर्शक ओमर अबू सादा. नाटक निवडले ते युरिपिडीसचे, इसवी सनापूर्वी ४१५ सालचे. ट्रॉय पडले आहे, पुरुष मारले गेले आहेत आणि राणी हेक्युबा लेकीसुनांसह दास्याची वाट पाहत बसली आहे. वर्गातल्या बायकांना अभिनयाचा गंध नव्हता. काहींनी तालमी मध्येच सोडल्या. ज्या टिकल्या, त्यांनी संहितेत आपल्याच हकिकती गुंफल्या. ‘क्वीन्स ऑफ सीरिया’ हा माहितीपट त्यावरच निघाला.

‘तुझे काय झाले?’ असे विचारले, की निर्वासित बाई अर्जात लिहिलेलेच सांगते : नाव, गाव, माणसे किती. पण राणीचे सोंग दिले, की ती बोलू लागते. फारच जड झाले, तर ‘हे हेक्युबाचे हो,’ म्हणून पदर झटकायची सोय असते. शिवाय रांगेत ती नुसती एक नाव असते. तालमीला मात्र ती आली नाही, तर प्रवेश अडतो. आपली कोणी वाट पाहत आहे, ही जाणीव औषधाइतकीच मोलाची!

अर्थात नाटकाने घर परत मिळत नाही. आणि प्रेक्षकांनी डोळे टिपावेत म्हणून एखादीला तिचे दुःख रोज उगाळायला लावणे, हा तर दुष्टपणाच. गप्प राहणारीलाही तालमीत जागा हवी.

आपल्याकडे जत्रेच्या नाटकाच्या तालमी गावोगाव चालतात. जवळच्या पुनर्वसन वसाहतीतल्या सासवासुनांना तेथे अगत्याने बोलवावे. नाटक कोणते, हे त्यांनाच ठरवू द्यावे. धालोच खेळू म्हणाल्या, तर आपले अंगण सारवून द्यावे. पहिल्या दिवशी कोणी तोंड उघडले नाही, तरी दुसऱ्या दिवशी दिवा लावून बसावे.